सायबेरियात अंडी घालणारे पक्षी नवी मुंबईत मोजून त्यांची संख्या घटली की वाढली, हे खरंच कळतं का?

थोडंफार कळतं, पण एका वर्षाच्या आकड्यावरून अजिबात नाही. मी नेरुळला राहते. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेला एनआरआय वसाहतीच्या मागच्या पाणथळीवर उभी असते, त्यावरून सांगते.

कर्ल्यू सँडपायपरच घ्या. मुठीएवढा पक्षी, चोच खाली वाकलेली. अंडी घालतो थेट सायबेरियाच्या टुंड्रात. तिथे रस्ते नाहीत, घरटी कुठल्या कुठे विखुरलेली आणि उन्हाळा बघता बघता संपतो. नर तर मादी अंड्यांवर बसली की परतीला लागतो. मग मोजायचं काम हिवाळ्यात आपल्या गळ्यात.

इथे पहिला घोळ भरतीचा. ओहोटीला पक्षी ठाणे खाडीच्या चिखलावर पांगतात, चिखल बुडला की आतल्या पाणथळींवर दाटीने येऊन बसतात. मोजायचं तेव्हाच. पण भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते आणि आम्ही मोकळे फक्त रविवारी! त्यात त्याच वेळी टीएस चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेजवळच्या दुसऱ्या पाणथळीवर आमचं कुणी नसलं, तर एकच थवा दोनदा मोजला जातो, नाहीतर एकदाही नाही.

दुसरा घोळ डोळ्यांचा. हिवाळ्यात सगळेच करडे, मध्ये लिटल स्टिंट हे त्यांच्यासारखेच पण आणखी छोटे पक्षी मिसळलेले. दहा पक्षी मोजायचे, ते किती जागा व्यापतात ते बघायचं आणि त्या मापाने थवा मोजत जायचं. एकदा मध्येच मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी आला, सगळे उडाले. माझ्या वहीत ५००, शेजारच्या काकांच्या ३४०. दोन्ही आकडे तसेच नोंदवले.

शिवाय तिकडे लेमिंग, म्हणजे उंदरासारखे प्राणी, कमी झाले की कोल्हे अंडी-पिल्लांवर तुटून पडतात. त्या वर्षी नवी पिल्लं जवळपास येतच नाहीत. म्हणून मला सप्टेंबरची फेरी जास्त मोलाची वाटते: तेव्हा पिल्लांच्या पाठीवर खवल्यांसारखी नक्षी असते, वेगळी मोजता येतात. जानेवारीत दुर्बिणीतून ते फार कठीण.

२०२४ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेने कर्ल्यू सँडपायपरला ‘असुरक्षित’ गटात टाकलं, ते अनेक देशांतल्या वर्षानुवर्षांच्या मोजण्या जोडून.

यायचं असेल तर भरतीची वेळ बघून निघा. ट्रायपॉड असेल तर आणाच, आमच्या एका ट्रायपॉडचा पाय मोडलाय.