वाचकांचे प्रश्न : यलोस्टोन नदीवर धरण आहे की नाही?

प्रश्न : अमेरिकेतल्या यलोस्टोन नदीवर एकही धरण नाही असं वाचलं होतं. मग नकाशात तिच्यावर ‘इंटेक डॅम’ कसा दिसतो? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पाणी साठवणारं धरण मुख्य प्रवाहावर नाही, हे खरंच आहे. वायोमिंगच्या डोंगरांत उगम पावून मिसूरीला मिळेपर्यंत ही नदी सुमारे 1,114 कि.मी. वाहते. 1970च्या दशकात लिव्हिंग्स्टन गावाजवळ ॲलनस्पर इथे मोठं धरण बांधायचं घाटत होतं. ते झालं नाही, हे फार चांगलं झालं. मात्र कालव्यात पाणी वळवणारे बुटके बंधारे नदीवर आहेत. ग्लेन्डाइव्हजवळचा इंटेक त्यांपैकीच एक.

बुटका असला तरी पॅलिड स्टर्जन या संकटग्रस्त माशाला तो ओलांडता येत नव्हता. या माशाची नुकती जन्मलेली पिलं पोहत नाहीत, शेकडो किलोमीटर प्रवाहाबरोबर वाहत जातात. अंडी बंधाऱ्याच्या खालीच घातली गेली तर पिलं पोहण्याइतकी वाढण्याआधीच मिसूरीवरच्या साकाकाविया जलाशयाच्या तोंडाशी पोचतात. तिथल्या गाळालगत प्राणवायू जवळपास नसतोच, त्यामुळे ती मरतात. म्हणून बंधाऱ्याला वळसा घालणारा सुमारे 3.4 कि.मी.चा प्रवाह खोदला गेला. 2022पासून मासे त्यातून वर जाऊ शकतात. पुढचा अडथळा फोर्साइथजवळ, साधारण 265 कि.मी. वर आहे. तेवढी नदी त्यांना परत मिळाली.

प्रश्न : मुलीकडे सिॲटलला जाणार आहोत. वेस्ट यलोस्टोन गावात मुक्काम केला तर नदी जवळ पडेल ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. ते गाव मॅडिसन नदीच्या खोऱ्यात आहे. ओल्ड फेथफुल या गीझरचं (उसळणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्याचं) पाणीही फायरहोल नदीमार्गे मॅडिसनलाच जातं. यलोस्टोन नदी पाहायची तर नॉरिसमार्गे सुमारे 65 कि.मी. वरच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या कॅन्यन भागात जा. 94 मीटरचा लोअर फॉल्स धबधबा आर्टिस्ट पॉइंटवरून समोर दिसतो. तिथून दक्षिणेला हेडन व्हॅलीत नदी संथ होते आणि काठावर बायसन (अमेरिकी गवे) चरताना दिसतात. गव्यांपासून निदान 23 मीटर, अस्वल-लांडग्यांपासून 91 मीटर लांब राहायचं, असा तिथला नियम आहे.

प्रश्न : यलोस्टोन कटथ्रोट ट्राउट कसा ओळखावा? गळाला लागला तर ठेवता येतो का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : जबड्याखाली नारिंगी-लाल रेघ आणि शेपटीकडे दाट होत जाणारे काळे ठिपके पाहा. उद्यानात तो सोडूनच द्यावा लागतो. गळाला उलटा काटा नको. हात ओले करून, शक्यतो पाण्यातच मासा सोडवा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

यलोस्टोन सरोवरातल्या लेक ट्राउटचा नियम नेमका उलटा. गडद अंगावर फिके ठिपके असलेला हा मासा बाहेरून आणून सोडलेला. 1994मध्ये तो तिथे सापडला. तो कटथ्रोट खातो. शिवाय कटथ्रोट अंडी घालायला ओढ्यांत चढतो, तसा हा चढत नाही. खोल पाण्यातच राहत असल्याने अस्वलांना तो मिळत नाही. तो लागला तर मारावाच लागतो. न्यायचा नसेल, तर वाताशय (पोटातली हवेची पिशवी) फोडून खोल पाण्यात टाका, म्हणजे तरंगत वर येणार नाही.