एडिटिंग करताना एक्स्टर्नल हार्डडिस्क मधेच गायब होते, ‘मीडिया ऑफलाइन’ (फाइली सापडत नाहीत) येतं. फॉरमॅट मारू की नवी घेऊ?

भाऊ, सगळ्यात आधी एक करा. डिस्क लावल्यावर ‘फॉरमॅट करायची का’ असं विचारणारी जी खिडकी उघडते, तिथं ‘कॅन्सल’ दाबा. बाकीचं सगळं त्यानंतर.

तुम्ही लिहिलंय ते असं: दारव्ह्याजवळच्या गावात लग्नाची शूटिंग घेता, मिक्सिंगही (एडिटिंग) घरीच करता. दोन टीबीची पोर्टेबल डिस्क आहे, तीन कॅमेऱ्यांचं फोरके फुटेज तिच्यावरच आहे आणि टाइमलाइन चालू असताना ती मधेच निघून जाते. परत लावली की कधी दिसते, कधी फॉरमॅट मागते. दुकानदार म्हणाला, डिस्क गेली.

मला तसं वाटत नाही. आर्वीकडच्या एका गावात मी बारा वर्षांपासून हेच काम करतो. एकदा दिसते, एकदा दिसत नाही, असं असेल तर पहिला संशय केबलवर आणि करंटवर घ्यायचा. डिस्क स्वतः खराब होत असली की बहुतेक वेळा वेगळी लक्षणं दाखवते: एकेक फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात, कॉपी दर वेळी त्याच फाइलवर अडकते किंवा आतून टक्-टक्-टक् असा ठरावीक आवाज येतो. तो आवाज येत असेल तर इथंच थांबा, डिस्क काढून ठेवा आणि खालचं काहीही करू नका. आतलं हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, बिघडलं असलं की डिस्क जितकी फिरवाल तितका डेटा घासला जातो. अशी डिस्क फक्त डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यायची. घरी उघडणं, फ्रिजमध्ये ठेवणं असले प्रयोग नकोत.

आवाज नसेल तर केबल बघू. डिस्कच्या बाजूला ती रुंद, चपटी पिन असते ना, तिचे दोन खण असतात, एक मोठा आणि एक छोटा. मोठा खण म्हणजे जुन्या फोनच्या चार्जिंगची मायक्रो यूएसबी पिन. छोट्या खणात आणखी पाच बारीक संपर्क असतात, यूएसबी ३ चा वेग त्यांच्यावरून येतो. डिस्क टेबलावर, केबल खाली लोंबकळती आणि जातायेता पायाचा धक्का, असं वर्षभर चाललं की हे सॉकेट सैल होतं. छोट्या खणाचा संपर्क सुटला तर डिस्क दिसते, पण यूएसबी २ च्या चालीनं चालते. मोठ्याचा सुटला की गायबच होते. पिन लावा आणि बोटानं अगदी हळू डावी-उजवीकडे हलवा. तेवढ्यानं डिस्क गेली-आली तर रोग सापडला. कॉपी चालू असताना मात्र हे करू नका.

वेगाचा हिशेबही करून बघा. फोरके फुटेज १०० मेगाबिटचं असेल तर एका कॅमेऱ्याला सेकंदाला साडेबारा मेगाबाइट लागतात, तिघांना मिळून साडेसदतीस. यूएसबी २ वर प्रत्यक्षात ३० ते ४० मेगाबाइटच मिळतात. त्यात डिस्कच्या हेडला तीन फाइलींत एकसारख्या उड्या माराव्या लागतात. म्हणजे मल्टिकॅम (तिन्ही कॅमेरे एकत्र चालवणं) अडकणारच. तुमचं ‘अडकतं’ आणि ‘गायब होतं’ हे दोन्ही एकाच सैल पिनेतून येत असू शकतं.

आता करंट. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधलेलं असतं, यूएसबी ३ चं ९००. पोर्टेबल डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा क्षणभर जवळजवळ एक अँपिअर ओढते. डिस्क हबवर (एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या डबीवर) लावली असेल आणि त्याच हबवर माउस, कार्ड रीडर, पेनड्राइव्ह लटकवलेले असतील तर डिस्कच्या वाट्याला काय उरणार? कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांची वायर मदरबोर्डापर्यंत लांब असते आणि बऱ्याचदा हलकी असते. डिस्क मागच्या पोर्टात लावा, थेट, हब नको. केबलही जाड आणि आखूड हवी, हातभर पुरे.

हे मी सोसलेलं आहे म्हणून एवढं लांबवून सांगतोय. एका मे महिन्यात रात्री दोन वाजता रेंडर (तयार व्हिडिओ काढणं) चालू असताना लाइन गेली. पीसी इन्व्हर्टरवर गेला तो झटका घेऊनच, आणि डिस्क गायब. परत लावली तर फॉरमॅट मागायला लागली. तिच्यावर तीन दिवसांच्या लग्नाचं ३८० जीबी फुटेज होतं. दुसरी कॉपी नव्हती, कारण दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डरसाठी कार्डं मी रिकामी करून टाकली होती. त्या फुटेजमध्ये हळदीच्या रात्री नवरीच्या आजीनं म्हटलेलं जात्यावरचं गाणं होतं, अख्खं. नवरीचे वडील दोनदा फोन करून विचारून चुकले होते, ‘मायचं गाणं बरोबर आलं ना भाऊ?’ मी तसाच डिस्क हातात घेऊन बसलो. सकाळी शेजारच्या पोराच्या जुन्या फोनची डेटा केबल मागून आणली, डिस्कच्या मोठ्या खणात बसवली आणि दुसरं टोक लॅपटॉपला लावलं. डिस्क उघडली. यूएसबी २ असल्यामुळे सगळं उतरायला तीन तास लागले आणि ते तीन तास मी खुर्चीवरून उठलो नाही. डिस्कला काहीही झालेलं नव्हतं. मेली होती ती केबल.

तुम्हीही हा उपाय करून बघा. फक्त केबल डेटावाली हवी, नुसत्या चार्जिंगची चालत नाही. तुमच्या डिस्कला टाइप-सी असेल तर दुसरी चांगली केबल आणि दुसरा कॉम्प्युटर, एवढंच.

तरीही नीट दिसली नाही तर विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. डिस्क तिथं पूर्ण साइजसह दिसते पण ‘रॉ’ लिहिलेलं येतं, याचा अर्थ यंत्र बहुधा चालू आहे, फाइलींचा हिशेब बिघडलाय. अशा वेळी इंटरनेटवर पाहून लगेच ‘चेकडिस्क’ चालवू नका. ते डिस्कवर लिहितं, आणि लिहिताना फाइली तोडूनही टाकू शकतं. आधी रिकव्हरी सॉफ्टवेअरनं फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवा. साइज सगळीकडे शून्य दिसत असेल किंवा डिस्क ओळखूच येत नसेल तर केसिंगमधलं (डिस्कच्या बाहेरच्या खोक्यातलं) सर्किट गेलेलं असू शकतं. जुन्या केसिंगमधली डिस्क काढून नव्यात घालता येते, पण काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डावरच असतं. तिथं हा उपाय चालत नाही, म्हणून उघडण्याआधी मॉडेल बघून घ्या.

डिस्क नीट दिसते पण सॉफ्टवेअर ‘मीडिया ऑफलाइन’ म्हणतं, असं असेल तर बहुधा ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असतं. काल ई होती, आज पेनड्राइव्ह आधी लावला म्हणून एफ झाली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला व्ही किंवा डब्ल्यू असं शेवटाकडचं अक्षर कायमचं देऊन टाका.

पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ डिसेबल करा. तुम्ही चहाला उठलात की विंडोज डिस्कला झोपवतं, आणि काही डिस्क मग नीट जाग्या होत नाहीत.

आपल्याकडच्या उन्हाचंही ध्यानात ठेवा. खोलीत ४२-४३ डिग्री, डिस्क गादीवर, वर रुमाल टाकलेला, असं नको. पोर्टेबल डिस्कसाठी कंपन्या साधारण ३५ डिग्रीपर्यंतचीच खोली धरतात. कूलरच्या तोंडासमोरही नको, तिथली ओल आणि तुषार पिनेला गंज आणतात. लाकडी पाटावर, उघडी, कूलरच्या झोतापासून बाजूला ठेवा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराची अर्थिंग आधी करून घ्या. मीठ-कोळशाचा खड्डा करायला एक दिवस लागतो, आणि कॅबिनेटवर येणारा तो करंट यूएसबीलाही त्रास देतो.

केबल बदलून डिस्क चालू झाली तरी तिच्यावर मिक्सिंग सुरू करू नका. पहिलं काम कॉपी. कॉपी झाली की ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर लावून ०५ आणि सी५ या दोन ओळी बघा, त्यांत खराब आणि संशयित जागांची मोजणी असते. तिथले ‘रॉ व्हॅल्यू’ खालचे आकडे शून्य असतील तर डिस्क ठेवा. आठवड्या-आठवड्याला वाढत असतील तर मग मात्र दुकानदार बरोबर होता.

नवी घ्यायचीच असेल तर मोठी हार्डडिस्क घेण्यापेक्षा एक टीबीची एसएसडी (आत फिरता भाग नसलेली डिस्क) घ्या आणि चालू लग्न तेवढं तिच्यावर ठेवा. जुनी डिस्क साठवणीला राहील. पैसे कापूस विकल्यावरच येणार असतील तर तोवर प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या कॉपी) बनवून कॉम्प्युटरच्या आतल्या ड्राइव्हवर एडिट करा, सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइलींचं कॅश फोल्डरही तिथंच ठेवा. डिस्क फक्त शेवटच्या रेंडरला लागेल. आणि फुटेजच्या दोन कॉपी झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायचं नाही, ऑर्डर कितीही घाईची असो.

केबल बदलून बघा. नाहीच जमलं तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये काय लिहून येतं आणि आवाज कसा येतो, एवढं मला लिहा. तोवर त्या डिस्कवर एकही नवी फाइल टाकू नका.