यादी हातात घेतलीत का?

या वेळी आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा दिसला: पक्षातली पदं आणि त्यांच्या निवडणुका. त्यातली तीन पत्रं घेतली आहेत. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे, कारण असं पत्र कुणी लिहिलं हे शाखेत दोन ओळींत ओळखतात आणि मग निवडणूक राहते बाजूला.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी बारा वर्षं पक्षात आहे, त्यातली सहा वर्षं स्थानिक शाखेची चिटणीस. दीड महिन्याने शाखेची अंतर्गत निवडणूक आहे. विद्यमान अध्यक्ष तिसऱ्यांदा उभे राहणार आहेत. सगळे मला म्हणतात, ‘या वेळी तुम्हीच उभ्या राहा, काम तर तुम्हीच करता.’ वरचे नेते मात्र ‘बिनविरोध करून टाकू, उगाच फाटे नकोत’ म्हणतात. उभी राहू का? आणि राहिले तर सुरुवात कुठून करू?

तुमच्या पत्रातल्या ‘सगळे म्हणतात’ या दोन शब्दांपाशी मी थांबले. सगळे म्हणजे कोण? एक वही घ्या आणि नावं लिहायला बसा. विसाव्या नावापुढे पेन अडखळेल. आणि त्या वीसपैकी किती जणांना मत आहे, हे तुम्हाला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मी पहिल्यांदा शाखाध्यक्षपदाला उभी राहिले तेव्हा चार मतांनी पडले. मतदान सुरू होऊन तास झाला असेल, आमच्या एक वयस्क कार्यकर्त्या दारातच घुटमळताना दिसल्या. हातात सदस्यत्वाची पावती, घड्या घालून घालून कापडासारखी मऊ झालेली. ‘यादीत नाव नाही म्हणतात गं माझं.’ पावती खरी होती, पण मागच्या मुदतीची. नूतनीकरण राहून गेलं होतं. संध्याकाळपर्यंत माझे असे नऊ जण परत गेले. पत्रकाच्या मजकुरासाठी मी तीन रात्री जागले होते. मतदारयादी पाहिली ती मतदानाच्या आदल्या दिवशी, तीही स्वतःचं नाव आहे ना एवढ्यापुरती.

तेव्हा सुरुवात यादीपासून. तुम्ही चिटणीस आहात, म्हणजे सदस्यनोंदणीचं रजिस्टर तुमच्याच कपाटात असणार. ते उघडा, पण उमेदवार म्हणून गुपचूप नको. अध्यक्षांना सांगा की दोघांनाही एकाच दिवशी प्रत द्यायची आहे. उद्या यादीवरून वाद झाला तर पहिलं बोट रजिस्टर सांभाळणाऱ्याकडे जातं.

यादीनंतर पक्षाची घटना. पूर्ण वाचा, निवडणुकीच्या कलमाखालच्या बारीक टिपांसकट. मत कुणाला आहे: सगळ्या सदस्यांना की फक्त प्रतिनिधींना? सदस्यत्व किती दिवस आधीचं लागतं? सूचक, अनुमोदक किती? समान मतं पडली तर काय? आणि जिंकायला एक मत जास्त पुरतं का? शेवटचा प्रश्न पोरकट वाटेल, पण 1990 साली ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना स्वतःच्याच पक्षातल्या निवडणुकीत पहिल्या फेरीत 204 मतं पडली, प्रतिस्पर्ध्याला 152. तरी त्या जिंकल्या नाहीत, कारण नियमाप्रमाणे एकूण 372 खासदारांच्या 15 टक्के, म्हणजे 56 मतांची आघाडी हवी होती आणि त्यांची भरली 52. दोन दिवसांत त्यांनी पद सोडायचं जाहीर केलं. साडेअकरा वर्षं देश चालवलेली बाई चार मतांवर अडली!

सूचकाचं वेगळं सांगते, कारण नवे उमेदवार इथे अवघडतात. सही मागणं म्हणजे मत मागणं नव्हे. ब्रिटनच्याच मजूर पक्षात 2015 साली नेतेपदाच्या अर्जाला 35 खासदारांची शिफारस लागत होती. जेरेमी कॉर्बिन यांची 36 जुळली ती मुदत संपायला काही मिनिटं राहिली असताना, आणि शिफारस देणाऱ्यांतल्या काहींना त्यांना मत द्यायचंच नव्हतं. चर्चेत सगळ्या बाजू याव्यात म्हणून त्यांनी सही केली होती. पुढे सदस्य आणि समर्थकांच्या मतदानात कॉर्बिन पहिल्याच फेरीत 59.5 टक्के मतांनी निवडून आले. त्यामुळे ‘मत कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण निवडणूक होऊ द्या, एवढ्यासाठी सही द्या’ असं मोकळेपणाने म्हणा. ज्यांना उघडपणे तुमच्या बाजूने दिसायचं नाही त्यांचीही सोय होते.

आता मत मागणं. तुम्हाला हेच सगळ्यात जड जाणार, पत्रावरूनच कळतं. ‘काम तर तुम्हीच करता’ हे वाक्य मी आयुष्यात इतक्या जणींना आणि जणांना उद्देशून ऐकलंय! ज्याने सतरंज्या उचलल्या त्याला लोक सतरंज्या उचलायलाच पुन्हा बोलावतात. कामाची आठवण सगळ्यांना असते, पण मत मागितल्याशिवाय मिळत नाही. यादीतल्या प्रत्येकाला स्वतः भेटा. भेट शक्यच नसेल तर फोन. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेल्या निवेदनाला अंगठे येतात, त्यांची मतं धरू नका.

भेटीत पाचेक मिनिटं त्यांचं ऐका, मग सरळ विचारा: ‘तुमचं मत मला देणार का?’ आणि गप्प बसा. ही शांतता फार अवघड असते, आपणच घाईने ‘नाही, म्हणजे विचार करून सांगा’ म्हणून समोरच्याची सुटका करतो. करू नका. जे उत्तर येईल ते बाहेर पडल्यावर वहीत टिपा. ‘हो, आणि माझ्या भावालाही सांगतो’ म्हणजे हो. ‘अहो, तुम्हीच यायला पाहिजे’ हे हो नव्हे, शुभेच्छा आहे. ‘अध्यक्षांशी बोललात का?’ म्हणजे त्यांचं आधीच ठरलंय. आणि ‘बघू’ म्हणजे नाही. माझ्या त्या पहिल्या निवडणुकीत मी सगळे ‘बघू’ माझ्या खात्यात धरले होते, आणि मतपेटी उघडेपर्यंत निवडून आले होते.

विद्यमान अध्यक्षांबद्दल वाईट एक शब्द नको. सभ्यता तर आहेच, पण हिशेबही आहे: त्यांच्या दोन कारकिर्दींत ज्यांनी त्यांना मत दिलं त्यांनाच तुम्ही आता मागायला जाणार. तेव्हा त्यांनी काय केलं ते स्वतःहून सांगा आणि मग तुम्ही काय वेगळं करणार ते सांगा. तेही दोनच गोष्टी, आणि पाहता येतील अशा. ‘संघटना बळकट करीन’ हे कुणीही म्हणतं. ‘दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक, आणि तिथे जमाखर्च वाचून दाखवणार’ हे लक्षात राहतं, आणि न झाल्यास लोक विचारू शकतात.

‘बिनविरोध’बद्दल माझं मत कडवट आहे. फाटे फुटू नयेत म्हणून निवडणूक टाळतात आणि मग तेच फाटे तीन वर्षं प्रत्येक बैठकीत दिसतात. पण वरच्यांचा शब्द डावलून उभं राहायचं तर त्यांना आधी जाऊन भेटा. अर्ज भरल्याचं त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर राग उमेदवारीचा राहत नाही, न सांगितल्याचा होतो. त्यांनी विचारलं ‘माघार घ्यायची काय अट?’ तर अट घालू नका. उपाध्यक्षपद घेऊन माघार घेतलेल्या माणसाकडे त्याचे वीस जण पुन्हा येत नाहीत.

एवढं करून जिंकलात तरी एकट्या जिंकू नका. 1939 साली काँग्रेसच्या अध्यक्षपदाला सुभाषचंद्र बोस दुसऱ्यांदा उभे राहिले, गांधीजींचा पाठिंबा पट्टाभी सीतारामय्यांना असताना. बोसांना 1580 मतं, पट्टाभींना 1377. विजय स्वच्छ होता. पण कार्यकारिणीतल्या बहुतेकांनी राजीनामे दिले, त्रिपुरी अधिवेशनात कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नेमावी असा ठराव झाला आणि एप्रिलअखेर बोसांनी पद सोडलं. तुमची शाखा म्हणजे काँग्रेस नव्हे, मान्य. पण खजिनदार आणि दोन चिटणीस समोरच्या गटाचे आले तर चेकवर दुसरी सही कुणाची, याचा विचार आजच करा. अध्यक्षपदाबरोबर त्या तीन जागांसाठीही माणसं पाहा, आणि त्यातला निदान एक विद्यमान अध्यक्षांच्या विश्वासातला असू द्या.

उभी राहू का, याचं उत्तर राहिलं. वही भरा. पक्के ‘हो’ निम्म्याच्या जवळपास असतील तर नक्की. त्याहून फार कमी असतील तर दीड महिना पुरणार नाही. पण ती वही पुढच्या वेळेसाठी सोन्यासारखी आहे, जपून ठेवा.

प्रश्न: आमच्या शाखेत निवडणूक जाहीर होण्याआधी एका आठवड्यात सदस्यसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. नव्या सदस्यांना कुणी बैठकीत पाहिलेलं नाही. मी उमेदवार आहे. तक्रार केली तर ‘हरायची भीती वाटते म्हणून’ असं म्हणतील. काय करावं?

म्हणतील. म्हणू द्या. पण तक्रार आताच करा, निकालानंतर केलेली तक्रार खरी असली तरी रडगाणंच वाटते.

मी तीन वेळा निवडणूक अधिकारी म्हणून बसले आहे. एकदा अर्जांचा गठ्ठा तपासताना मला काही तरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं: ‘श्री’ची वेलांटी. चाळीसेक अर्ज, नावं वेगळी, पत्ते वेगळे, आणि प्रत्येक ‘श्री’च्या वेलांटीला शेवटी तोच एक झोकदार फराटा. सह्यासुद्धा त्याच निळ्या पेनाच्या. वर्गणीच्या पावत्या काढल्या तर ओळीने क्रमांक, एकाच दुपारी फाडलेल्या. पैसे भरणारा माणूस एकच होता. विचारल्यावर त्याने शांतपणे सांगितलं की लोकांना वेळ नसतो, म्हणून त्याने सगळ्यांची सोय केली.

तेव्हा आरोप ‘बोगस’ या शब्दाने सुरू करू नका. घटनेत पात्रतेची तारीख काय आहे ते पाहा. बहुतेक ठिकाणी काही दिवस किंवा महिने आधीचं सदस्यत्वच मताला चालतं, आणि तसं असेल तर अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. नंतर पावती-पुस्तक पाहायला मागा. मग लेखी अर्ज द्या: या क्रमांकापासून या क्रमांकापर्यंतच्या सदस्यांची ओळख मतदानाआधी पडताळावी. प्रतीवर पोच घ्या, तारखेसह. आणि पडताळणी जुन्या-नव्या सगळ्यांची व्हावी अशीच मागणी करा, त्यात तुम्ही आणलेले सदस्यही आले. इथे तुमचा आवाज जरा खाली येत असेल तर अर्ज देण्याआधी स्वतःचा गठ्ठा एकदा तपासून घ्या.

एक मात्र ध्यानात ठेवा. नवे आले म्हणून ते सगळे समोरच्याचे झाले असं नाही. मी त्या चाळीसपैकी काहींना फोन केले होते. दोघांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हतं, पण एक मुलगी मनापासून विचारत होती की बैठक कधी असते, तिला कुणी कळवलंच नव्हतं. अशांना भेटायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

प्रश्न: माझ्याविरुद्ध माझा वीस वर्षांचा मित्रच उभा राहतोय. मैत्री टिकेल का?

अर्ज भरायच्या आधी त्याच्याकडे गेला होतात का? नसाल तर आज जा. दोन गोष्टी ठरवा: एकमेकांच्या घरच्यांना यात ओढायचं नाही, आणि एकमेकांबद्दल काही कानावर आलं तर आधी एकमेकांनाच विचारायचं. दुसरी गोष्ट फार कामाची आहे, कारण चुगल्या तुम्ही दोघं करणार नाही. तुमचे समर्थक करतील, तुम्हाला खूश करायला.

मैत्री टिकेल की नाही ते मला सांगता येणार नाही. मी ज्यांच्याकडून चार मतांनी पडले त्यांचं सांगते. मतमोजणी संपल्यावर सगळे हार-तुरे घेऊन त्यांच्याभोवती गोळा झाले होते. मी खुर्च्या एकावर एक रचत होते, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. गर्दीतून ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘खजिनदार व्हाल? बाकी कुणाचा हिशेब मला पटत नाही.’ मला इतका राग आला की मी दोन दिवस फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी वही मागवली. पहिल्याच पानावर बेरीज चुकलेली होती, त्यांच्याच हातची. सांगितलं तर म्हणाले, ‘बरं झालं, निवडणुकीआधी सापडली नाही.’ पुढची सहा वर्षं ती वही माझ्याकडे होती.