गोळीबाराच्या गुन्ह्यांचा तपास सुधारायला पोलिसांना काय मदत होऊ शकते?

तुम्ही विचारलंय की 'गावठी कट्टा जप्त' अशी बातमी पेपरात सारखी येते, मग गोळीबाराचे गुन्हे कोर्टात टिकत का नाहीत, आणि यात पोलिसांना कशाची मदत होईल. मी सांगली जिल्ह्यात पोलीस होतो. नोकरीची शेवटची वर्षं मुद्देमाल कारकून म्हणून काढली, त्यामुळं मला हा प्रश्न मुद्देमालाच्या खोलीतून दिसतो.

पकडलेला कट्टा न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेला पाठवताना सोबतच्या पत्रात बहुतेक वेळा दोनच प्रश्न असायचे. हे अग्निशस्त्र आहे का? चालू स्थितीत आहे का? 'होय' असा अहवाल आला की शस्त्र अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांची मंजुरी, दोषारोपपत्र, आणि फाईल बंद. तिसरा प्रश्न कुणी लिहायचंच नाही: हा कट्टा आधी कुठं वाजलाय? माझ्या मते सगळ्यात मोठी सुधारणा त्या एका ओळीत आहे.

कट्ट्याला खरा नंबर नसतो. कित्येकांवर 'मेड इन यूएसए' कोरलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. नळी आतून गुळगुळीत असली तर गोळीवरही कामाच्या खुणा फारशा उठत नाहीत. पण रिकामी पुंगळी, म्हणजे गोळी सुटल्यावर मागं उरणारं काडतुसाचं कवच, बोलते. कट्ट्यातली फायरिंग पिन, म्हणजे चाप ओढल्यावर पुढं येणारी टोकदार खिळी, काडतुसाच्या बुडाला ठोसा देते, स्फोटानं पुंगळी मागं दाबली जाते आणि मागच्या लोखंडावरचे ओरखडे तिच्यावर उमटतात. कट्टा हातानं कानस मारून केलेला, त्यामुळं एकाच कारागिराचे दोन कट्टेसुद्धा सारख्या खुणा देत नाहीत. जप्त कट्ट्यातून चाचणीची गोळी झाडायची आणि ती पुंगळी जुन्या गुन्ह्यातल्या पुंगळीशेजारी तुलना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. ३० ऑगस्ट २०१५ ला धारवाडला विचारवंत एम. एम. कलबुर्गी आणि ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळूरला पत्रकार गौरी लंकेश यांना मारणारं ७.६५ मिमीचं पिस्तूल एकच होतं, हे कर्नाटकच्या प्रयोगशाळेनं असंच जुळवून सांगितलं. अमेरिकेत 'निबिन' नावाच्या जाळ्यात पुंगळ्यांची चित्रं साठवतात. संगणक संभाव्य जोड्या काढतो, शेवटचा शब्द मात्र तज्ज्ञाचा. आपल्याकडं निदान प्रत्येक जिल्ह्यानं न उलगडलेल्या गुन्ह्यांतल्या पुंगळ्यांची एक वही ठेवावी आणि प्रत्येक जप्त कट्टा त्या वहीशी ताडून पाहायला लावावा.

पण पुंगळी धड हातात आली तर ना! एका गोळीबारात पंचनाम्यावर चार पुंगळ्या होत्या आणि माझ्याकडं आलेल्या पिशवीत तीन. त्याही एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, चिखलासकट, एकमेकींवर घासलेल्या. प्रत्येक पुंगळी वेगळी, कापसात गुंडाळून, वेगळ्या पाकिटात, लाखेच्या सीलसह यायला हवी होती. आरोपीच्या वकिलांनी साक्षीत मला एवढंच विचारलं, "चौथी कुठाय?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. आरोपी सुटला. जखमी पोराची आई व्हरांड्यातल्या बाकावर बसून होती. तिच्यासमोरून मला जाववेना.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी यावं, असं तिचं कलम १७६(३) सांगतं. राज्यांना त्यासाठी ५ वर्षांची मुदत आहे. झडती-जप्तीचं चित्रीकरणही आता करावं लागतं. चांगलंच झालं. पण विनापरवाना साधा कट्टा बाळगल्याची शिक्षा २ ते ५ वर्षं, म्हणजे तिथं तज्ज्ञाची सक्ती नाही. ज्या जप्तीतून जुना खून उघडू शकतो, तिथं पुन्हा आमचा हवालदारच. म्हणून ठाण्यातल्या प्रत्येक हवालदाराला पुंगळी उचलण्याचं आणि पाकीटबंद करण्याचं हाताला धरून प्रशिक्षण द्या, अशी मागणी तुमच्या लोकप्रतिनिधींकडं लावून धरा.

तुमच्या गल्लीत असा प्रसंग आलाच तर ११२ ला फोन करा आणि पुंगळीला हात लावू नका, फोटोसाठीसुद्धा उचलू नका. पाऊस असेल तर तिला न हलवता वरून घमेलं पालथं घाला आणि पोलीस येईपर्यंत गर्दी मागं ठेवा. दुकानाचा कॅमेरा असेल तर चित्रण त्याच दिवशी पोलिसांना दाखवा. जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं.

आणि पंच म्हणून बोलावलं तर जा. किती पुंगळ्या, कुठं, कुठल्या पाकिटात गेल्या ते स्वतः मोजा, मगच सही करा. समन्स आलं की साक्षीआधी सरकारी वकिलांकडं पंचनामा वाचून घ्या, कारण चार वर्षांनी कुठली पुंगळी कुठं पडली होती हे कुणालाच आठवत नसतं.