स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या फेअर आयल बेटावर शरद ऋतूतलं पक्षी स्थलांतर बघायला तीन दिवस पुरतात का? लांबचे फोटो काढायची ६०० एमएमची मोठी लेन्स न्यावी का?

तीन दिवस पुरत नाहीत. दहा ठेवा, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच्या काळातले. तिथले पक्षी तुमच्या रजेचा हिशेब बघून येत नाहीत, वारा बघून येतात. पश्चिमेचा वारा असला की दिवसभर कुरणं तुडवून हाती फारसं काही लागत नाही. तोच आग्नेयेकडून सुटला आणि वर पाऊस आला, की रात्री समुद्रावरून चाललेले पक्षी दिसेल त्या जमिनीवर उतरतात. ऑर्कनी आणि शेटलंड या द्वीपसमूहांच्या मधोमध तेवढी एकच जमीन आहे, जेमतेम पाच किलोमीटर लांब.

मी गेले तेव्हा पहिले पाच दिवस कोरडे गेले. सहाव्या रात्री वारा फिरला. सकाळी सलगमच्या शेताकडेला, दगडी बांधाशी, आठ-दहा जण दुर्बिणी लावून उभे. पानांखाली काहीतरी तपकिरी हलत होतं. रीड वॉर्ब्लर की मार्श वॉर्ब्लर, या दिसायला सारख्याच दोन चिमुकल्या पक्ष्यांपैकी कोणता, यावर दबक्या आवाजात खल चाललेला. तेवढ्यात तो बोलला. ‘चक्’. जरा थांबून पुन्हा, ‘चक्... चक्’. माझ्या अंगावर काटा आला. बार्शीला आमच्या परसातल्या बाभळीत दिवाळीपासून होळीपर्यंत हाच आवाज असायचा, दोन खडे एकमेकांवर हलकेच आपटावेत तसा. मी म्हटलं, ब्लिथ्स रीड वॉर्ब्लर. सगळे वळून बघायला लागले. दीडेक तासाने तो पक्षी पकडायला लावलेल्या जाळ्यात सापडला. पक्षी वेधशाळेच्या वॉर्डनने पंख उलगडून एकेक पीस मोजलं, पायात ओळखीचं कडं घातलं. तोच होता. दहा-बारा ग्रॅमचा जीव, मुठीतून फक्त डोकं बाहेर, आणि चोच अर्धवट उघडी.

पुण्यातला माझा एक पक्षीमित्र वर्षानुवर्षं म्हणत आलाय, फोटो नाही तर नोंद नाही. आवाजावरून केलेल्या माझ्या किती नोंदी त्याने आमच्या यादीतून खोडल्या! हे सांगितलं तर म्हणाला, “एवढे पैसे घालून परसातलाच पक्षी बघून आलीस?” हो, परसातलाच! फिनलंड-रशियाकडे जन्मून त्याचे भाऊबंद त्याच दिवसांत आपल्याकडे यायला निघालेले असतात, आणि हा उलटा पश्चिमेला, पुढे नुसता अटलांटिक. बाभळीतल्या त्या ‘चक्’मागे केवढा प्रवास असतो, हे मला त्या बांधाशी उभं राहून कळलं. तिथल्या मुरलेल्या लोकांआधी तो मी ओळखला, तोही कानाने.

म्हणून लेन्स नेऊ नका. छोट्या विमानात सामानाच्या वजनाची मर्यादा असते हे एक, आणि फोटोसाठी दमलेल्या पक्ष्याला पुन्हा पुन्हा उठवणारी माणसं मला सहन होत नाहीत हे दुसरं. अर्थात, फारच दुर्मिळ पक्षी निघाला तर फोटोने नोंद मान्य व्हायला मदत होते, तेव्हा लहान कॅमेरा असू द्या. राहायची सोय आधी बघा. पक्षी वेधशाळेची जुनी इमारत मार्च २०१९ मध्ये जळाली, आता नवी बांधली आहे. धुकं किंवा वारा असला की बोट आणि विमान रद्द होऊ शकतात, म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन-तीन दिवस मोकळे सोडा.

आणि यंदा घाई करू नका. हा हिवाळा बाभळीखाली बसून कान तयार करा, पुढच्या सप्टेंबरला जा.