आधी पासवर्ड परत करा

पत्र : मुलगी मटेरिअल सायन्समध्ये पीएच.डी. आहे, दोन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधन, करते आहे. तिला कंपनीत चांगली जागा मिळावी म्हणून लिंक्डइनवर तिचं खातं मीच काढलं आणि मीच चालवतो. साडेतीनशे जण जोडले. चाळीस वरिष्ठांना तिच्या नावाने संदेश पाठवले, तिघांची उत्तरं आली. तिचं म्हणणं, ‘संशोधकांसाठीचं माझं ऑर्किड आहे, रिसर्चगेट आहे, पुरे.’ मध्यंतरी एका परिषदेत कुणीतरी तिला ‘तुमचा मेसेज मिळाला’ म्हणालं, तेव्हापासून घरात अबोला आहे. पाचशेचा आकडा लवकर कसा गाठावा? पैसे भरून प्रीमियम घ्यावं का? – एक वडील

उत्तर : तुमचे दोन्ही प्रश्न जरा बाजूला ठेवते. परिषदेची ती ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, मी मात्र तिथेच अडकले. भरल्या सभागृहात, तिच्याच क्षेत्रातला माणूस समोर उभा आहे, आणि आपण त्याला नेमकं काय लिहिलंय हे तिला ठाऊक नाही. तिने काय केलं असेल? हसून वेळ मारून नेली असेल. तुम्ही त्याला अबोला म्हणता. मला ती शरम वाटते, आणि ती तिच्या वाट्याला तुमच्यामुळे आली.

तुमच्या मायेबद्दल शंका नाही. पण पीएच.डी. झालेल्या बाईच्या नावाने दुसऱ्याने पत्रव्यवहार करणं याला मदत म्हणत नाहीत. लिंक्डइनच्या नियमांतही खातं ज्याचं त्यानेच वापरायचं, पासवर्ड कुणाला द्यायचा नाही, असं स्पष्ट आहे. नियम सोडा, व्यवहार बघा. समोरच्याने उलट विचारलं, ‘तुम्ही कोणत्या मिश्रधातूवर काम करता?’, तर तुम्ही काय लिहिणार होतात? असे संदेश मलाही येतात. दुसऱ्या ओळीत ‘अत्यंत हुशार व मेहनती’ आलं की ओळखावं, लिहिणारा उमेदवार नाही.

आता पाचशेचा आकडा. पाचशेच्या पुढे ते संकेतस्थळ नेमकी संख्या न दाखवता ‘५००+’ एवढंच दाखवतं, म्हणून तो जणू उत्तीर्ण व्हायचा गुण झालाय. जितक्या ओळखी तितक्या नोकऱ्या, हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली, म्हणजे लिंक्डइन सुरू व्हायच्या तीस वर्षं आधी, छापलेल्या अभ्यासासाठी नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिकांना विचारलं होतं की ज्याच्यामुळे जागा कळली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा. वारंवार भेटणारे निघाले सुमारे १७ टक्के. बाकीचे अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारे. कारण साधं आहे. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं, नवी बातमी येते ती जरा लांबच्या माणसाकडून. पुढे लिंक्डइनच्याच सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर पाच वर्षं चाललेले प्रयोग २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आले. त्यात सर्वांत उपयोगी ठरल्या त्या मधल्या ओळखी : जिवलग नव्हेत, आणि अगदी परकेही नव्हेत. तुम्ही जमवलेले साडेतीनशे तिच्यासाठी अगदी परके आहेत. आणखी दीडशे परके आणून काय होणार? तिच्या मधल्या ओळखी तिलाच माहीत आहेत : आधीच्या प्रयोगशाळेतून कंपनीत गेलेला सीनियर, एकदा सूक्ष्मदर्शकावर नमुने तपासून देणारी तंत्रज्ञ, परिषदेत तिच्या पोस्टरपाशी दहा मिनिटं थांबलेला कुणी. (‘मेसेज मिळाला’ म्हणणारा माणूसही कदाचित त्यातलाच होता.)

मुलीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ऑर्किड हा सोळा अंकी ओळखक्रमांक. एकाच नावाच्या दोघांचे शोधनिबंध एकमेकांत मिसळू नयेत म्हणून २०१२ पासून दिला जातो. तिथे कुणी नोकरी द्यायला येत नाही. रिसर्चगेट २००८ मध्ये दोन डॉक्टर आणि एका संगणकतज्ज्ञाने सुरू केलं. तिथे संशोधक एकमेकांचे निबंध मागतात, प्रयोगात अडलं तर विचारतात. विद्यापीठात राहायचं असेल तर ही दोन खाती पुरेशी आहेत. कंपनीत जायचं असेल तर नाही, कारण माणसं निवडणारे तिथे सहसा फिरकत नाहीत, ते लिंक्डइनवर शोधतात. आणि शोधतात ते कौशल्याच्या शब्दांनी. नावाखालच्या ओळीत तुम्ही ‘पीएच.डी., नोकरीच्या शोधात’ लिहिलं असेल, तर ती ज्यात तरबेज आहे ते शोधणाऱ्याला ती सापडणारच नाही. शिवाय फोटोभोवती ‘नोकरी शोधते आहे’ सांगणारं ते हिरवं कडं लावलं असेल तर आधी काढा. तिच्या सध्याच्या मार्गदर्शकांनाही ते दिसतं. फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी सोय तिथे आहे, पण ती वापरायची की नाही हे तीच ठरवेल.

जाहिरात बघून अर्ज, मग मुलाखत, हा रस्ता आहेच. त्यावर वेगळं लिहीत नाही. प्रीमियम आत्ता घेऊ नका.

खरं तर तुमच्या पत्रात मी एकच वाक्य शोधत होते : मुलीला कंपनीत जायचं आहे. ते मला सापडलं नाही. तिला संशोधनातच राहायचं असेल, तर वरचं निम्मं उत्तर तुमच्या उपयोगाचं नाही. तिला विचारलंय का कधी? आणि ‘कंपनीत का जात नाहीस’ हे विचारणं नव्हे.

तिला सल्ला हवा असेल तर तिने स्वतः लिहावं, मी उत्तर देईन. तुमच्याकडे काम आहे ते आज रात्रीचं. पासवर्ड तिला द्या, तो बदल म्हणून सांगा. आणि त्या चाळीस जणांची यादी, प्रत्येकाला काय लिहिलं त्याच्या मजकुरासकट, तिच्या हातात ठेवा. उद्या तिच्या निबंधाचं परीक्षण करणारा त्यात असेल, तर ते तिला तिसऱ्याच माणसाकडून पुन्हा कळू नये.