‘घरचे म्हणतील तसं’

“मॅडम, पोरगी हो म्हणत नाही अन् नाहीबी म्हणत नाही. आम्ही काय समजावं?”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनासाठी बसते. तुळशीचे लग्न आटोपले आणि सोयरिकी जुळवण्याचे दिवस सुरू झाले, की हे वाक्य थोड्याफार फरकाने दर आठवड्याला माझ्या कानी पडते. बोलणारी बहुधा आई असते. वडील बाहेर मोटारसायकलजवळ उभे राहतात. जिच्याविषयी हे बोलणे चाललेले असते ती मुलगी शेजारच्या खुर्चीवर गप्प बसलेली असते आणि ती लाजते आहे, असा सगळ्यांचा समज असतो. गेल्या काही वर्षांत हा समज किती महागात पडतो हे मी इतक्या घरांत पाहिले आहे, की त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आता आवश्यक वाटते.

जिची गोष्ट सांगते आहे तिला आपण ज्योत्स्ना म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. वय तेवीस, शिक्षण बी.एस्सी., वडिलांची पाच एकर कोरडवाहू शेती, घरात आजी आणि एक धाकटा भाऊ. मुलगा पुण्यात कंपनीत नोकरीला होता. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही आणि नोकरीवाल्याच्या घरी बायोडाट्यांची रास लागते, अशा दिवसांत हे स्थळ चालून आल्याचा घरात आनंद होता. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरली होती. आणि त्याच तीन आठवड्यांत ज्योत्स्नाचे जेवण सुटले, खाल्लेले अंगी लागेना, रात्री दोनला उठून ती अंगणात जाऊन बसू लागली.

अशा वेळी मी सर्वांत आधी रक्त तपासून घ्यायला सांगते. आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि शरीराची तक्रार मनावर ढकलून मोकळे होणे हा समुपदेशकाकडून घडणारा मोठा अन्याय आहे. ज्योत्स्नाचे हिमोग्लोबिन थोडे कमी निघाले, गोळ्या सुरू झाल्या. परंतु रात्रीच्या त्या जागरणाचे उत्तर काही रक्तात सापडले नाही.

“मुलगा कसा वाटला तुला?” मी पहिल्या भेटीत विचारले.

“चांगला आहे.”

“आवडला?”

“घरच्यांना आवडला.”

“आणि तुला?”

“घरचे म्हणतील तसं.”

हे म्हणताना तिने मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी ओढून घेतली. दुसऱ्या भेटीत मी तोच प्रश्न चार वेगळ्या रीतींनी विचारला आणि चारही वेळा तेच उत्तर आले. ती माझी चूक होती. साक्षगंधाची तारीख जवळ येत होती म्हणून घाई मलाही झाली होती, आणि ज्या मुलीवर सगळीकडून उत्तरासाठी दडपण येत होते तिच्यावर मी आणखी एक दडपण आणत होते.

तिसऱ्या भेटीत मी लग्नाचा विषय काढलाच नाही. आल्फ्रेड ॲडलर (१८७०–१९३७) या व्हिएन्नाच्या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर माझे काम उभे आहे. माणसाला त्याची अगदी लहानपणची पहिली आठवण विचारावी, असे तो सांगे. ती आठवण खरीखोटी कितपत आहे हे त्याच्या लेखी गौण होते. असंख्य प्रसंगांतून मनाने नेमका तोच का जपून ठेवला, हा त्याचा प्रश्न होता. मी ज्योत्स्नाला तेच विचारले. ती बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “भुलाबाई.”

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली भुलाबाई आणि भुलोजींपुढे सासर-माहेरची गाणी म्हणतात आणि गाणी संपली की झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखतात. जिचा खाऊ कोणालाच ओळखता येत नाही, तिचा त्या संध्याकाळी मोठा मान.

“मी सात वर्षांची असीन,” ती सांगू लागली. “त्या साली पावसानं दडी मारली होती, पऱ्हाटी वाळली होती. खाऊची पाळी आमच्याकडे आली. माय म्हणे, घरात काही नाही. मी म्हटलं, मुरमुरे दे. डबा दोन्ही हातांनी गच्च धरला. पोरी लाडू म्हणाल्या, पेढे म्हणाल्या, चकली म्हणाल्या. कोणालेच ओळखता नाही आलं.”

“मग तू झाकण उघडलंस?”

“नाही. तुम्ही हरल्या, असं म्हटलं अन् घरात पळाली. उघडलं असतं तर सगळ्यायले समजलं असतं ना. आजी म्हणाली, किती शहाणी पोरगी आहे, घराची लाज राखली.”

“मुरमुऱ्यांचं काय झालं?”

“रात्री मी एकटीनंच खाल्ले.”

मी काही वेळ बोलले नाही. नंतर विचारले, “त्या दिवशी डब्यात काय असावं असं तुला वाटत होतं?”

खोलीत भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज तेवढा होता. सात वर्षांच्या त्या मुलीला हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नव्हता आणि तेवीस वर्षांच्या मुलीलाही तो तोवर कोणी विचारलेला नव्हता.

“गुलाबजामुन,” ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली. मी तिला रडू दिले. सावरल्यावर मी तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहून म्हटले, “तो डबा अजून तुझ्या हातात आहे, ज्योत्स्ना. आता त्यात काय आहे?”

“मॅडम, मले बी.एड. करायचं आहे. मुलगा वाईट नाही. पण पुण्याले जाऊन मी काय करीन, हे कोणी बोललंच नाही. त्यायनं विचारलं नाही, अन् आमच्या घरच्यायनं काढलं नाही.”

एवढे बोलून तिने ती पिशवी उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवली. सोळा वर्षांच्या माझ्या कामात अशा दुपारी मोजक्याच आल्या आहेत आणि त्या मी मनाशी जपून ठेवल्या आहेत.

त्या दिवशी मला जे उमगले ते असे. आपण ज्याला मुलीचा लाजाळूपणा म्हणतो, तो पुष्कळदा घराची लाज राखण्याचा सराव असतो. कोरडवाहू शेतीच्या घरात मूल फार लवकर हिशोब शिकते. यंदा काय मागायचे नाही हे त्याला कोणी सांगावे लागत नाही, बापाच्या चेहऱ्यावरून ते कळते. मुलगी असेल तर या न मागण्याचे कौतुकही होते. दहावीनंतर ज्योत्स्नाला मराठी घेऊन शिक्षिका व्हायचे होते, परंतु विज्ञानाला किंमत आहे असे काका म्हणाले म्हणून तिने विज्ञान घेतले. अमरावतीच्या महाविद्यालयात प्रवेश मिळत असताना वसतिगृहाचा खर्च नको म्हणून ती तालुक्याला एस.टी.ने जाऊन-येऊन शिकली. प्रत्येक वेळी तिला विचारले गेले, ‘चालते ना?’ आणि प्रत्येक वेळी तिने ‘चालते’ म्हटले. वर्षानुवर्षे झाकण घट्ट धरायला शिकवलेल्या मुलीला आपण एके दिवशी पाच पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे घेऊन उभी करतो आणि ‘तुझी पसंती सांग’ म्हणतो. तिला ती सांगता येत नाही, कारण काय हवे आहे हे स्वतःला विचारण्याची सवयच तिला लागलेली नसते.

चौथ्या भेटीला वडील आत येऊन बसले. ज्योत्स्नाने बी.एड.चे सांगितले तेव्हा ते गोंधळून म्हणाले, “तू कधी बोलली नाही, बेटा. आम्ही समजलो तुले सगळं पसंत आहे.”

“तुम्ही विचारत नव्हते, बाबा. सांगत होते.”

वडिलांनी मान खाली घातली. हा माणूस कठोर नव्हता. मुलीच्या सुखासाठी त्याने कर्ज काढायचीही तयारी ठेवली होती. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “साक्षगंध पुढं ढकलू. लोकायचं मी पाहून घेतो.”

सोयरिकीचे पुढे काय झाले, असे मला हमखास विचारले जाते. ज्योत्स्ना मुलाशी स्वतः फोनवर बोलली, त्याने आठ दिवस मागितले, आपल्या आईची समजूत काढली आणि पुण्यातल्या बी.एड. महाविद्यालयांची यादी पाठवली. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. पहिले वर्ष संपल्यावर लग्न झाले. ते झाले नसते, तरी मी ही गोष्ट अशीच सांगितली असती.

आईवडिलांना माझे सांगणे आहे की मुलीच्या गप्प राहण्याला होकार समजू नका. पाहुणे ओसरीवर बसलेले असताना, किंवा ते निघून गेल्यावर त्याच तासाभरात, तिला मत विचारू नका; दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि ज्या माणसाजवळ ती मोकळी होते त्याला विचारू द्या, मग ती मावशी असेल, मोठी बहीण असेल किंवा शाळेतली बाई असेल. ‘मुलगा आवडला का’ या प्रश्नाला आमच्या मुली ‘चांगला आहे’ एवढेच उत्तर देतात. त्याऐवजी ‘त्या घरात तुला कशाची काळजी वाटते’ असे विचारून पाहा. नकार देण्यापेक्षा काळजी सांगणे त्यांना सोपे जाते. आणि ती नाही म्हणाली तर कारणांची उलटतपासणी घेऊ नका. एका नकाराची किंमत तिला महिनाभर अबोल्याने मोजावी लागली, तर पुढच्या स्थळाला ती हो म्हणेल, परंतु तो होकार भीतीचा असेल.

याची सुरुवात मात्र लग्नाच्या वयात करून भागत नाही. सहा वर्षांच्या मुलीला दोन फ्रॉकांतला कोणता हवा हे विचारावे, आणि पैसे नसतील तर ‘यंदा जमणार नाही, पण तुला हवा आहे हे मला कळलं’ असे म्हणावे. मागणी पुरवता आली नाही तरी ती ऐकून घेता येते, आणि एवढ्यानेही मुलीला आपल्या इच्छेची ओळख राहते. शहाणी, समजूतदार, काही मागत नाही, असे कौतुक पाहुण्यांसमोर करताना आपण तिला काय शिकवत आहोत, याचा विचार आजी-आजोबांनीही करावा, असे मी हात जोडून सांगते.

मुलींना सांगायचे ते असे की साक्षगंधाआधी मुलाशी एकदा तरी स्वतंत्रपणे बोला. नोकरी आणि शिक्षण, घरातले पैशांचे व्यवहार, माहेरी येणे-जाणे, मूल केव्हा, हे विषय काढायला संकोच वाटत असेल तर आधी कागदावर लिहून काढा. ज्याला हे प्रश्न आगाऊपणाचे वाटतील, त्याच्याविषयी तुम्हाला लग्नाआधीच बरेच काही कळलेले असेल.

काही घरांत प्रश्न बोलण्याने सुटण्याच्या पलीकडे गेलेला असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयोगटातल्या जवळपास २२ टक्के स्त्रियांचे लग्न वयाची १८ वर्षे पूर्ण होण्याआधी झाल्याचे आढळले. वय कमी असेल तर १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक आहे, धमकी किंवा मारहाण असेल तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, आणि जीव नकोसा वाटू लागला तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या, क्रमांकावर मराठीतही बोलता येते. हिंदू विवाह कायद्यानुसार बळजबरीने किंवा फसवणुकीने मिळवलेल्या संमतीच्या आधारे विवाह रद्द ठरवून मागता येतो. हे सारे मुलीला ठाऊक असावे, असे मला वाटते. ते तिने वापरावेच असे नाही.

लग्नानंतरच्या दिवाळीत ज्योत्स्नाची आई मला भेटायला आली. सोबत डबा होता. झाकण तिने स्वतःच उघडून माझ्यापुढे धरले. आत गुलाबजामुन होते. लेक माहेरी आली आहे, तिने ते स्वतः मागून करवून घेतले, हे सांगताना त्या माउलीला हसू आवरत नव्हते. मग ती जरा थांबली.

“काल पोरगी मले म्हणे, माय, तुले काय पाह्यजे ते सांग, मी पुण्यावरून पाठवतो.”

“मग तुम्ही काय सांगितलं, ताई?”

बारावीचा निकाल लागण्याआधीच सासरी आलेली ती बाई हातातल्या झाकणाकडे पाहत राहिली.

“मी म्हटलं, तुले वाटते ते पाठव.”

मी खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली आणि तिला तिची पहिली आठवण विचारली.